दोन पाट्यांचं झाड

पुण्याला जाऊन आले म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "मग, काय काय बघितलंत?" आता यांना काय सांगायचं? मी तीन दिवस पुण्यात होते. सारसबाग नाही, पर्वती नाही, लक्ष्मी रोडवर साडी नाही. एका कॉलेजच्या आवारात मान वर करून हिंडले आणि डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या एका लोखंडी कपाटासमोर बराच वेळ उभी राहिले. येताना आणलं काय, तर एका पाकिटात थोड्या कोऱ्या चिठ्ठ्या. तरी हा प्रवास मी जन्मात विसरणार नाही. ज्यांच्यामुळे तो घडला त्यांचे उपकार कुठंतरी लिहून ठेवावेत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

निघण्याचं कारण आधी सांगते. ते काही मिरवण्यासारखं नाही.

उदगीरच्या पुढं एका लहान गावात आमचं कॉलेज आहे. तिथं मी वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून आवारातल्या झाडांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. जुलै महिना, बऱ्याच झाडांवर फूल नाही, फळ नाही, आणि हातात दोनच दिवस. कडुनिंब, चिंच, बाभूळ, करंज भराभर लिहून झाले. ऑफिसच्या मागं एक उंच, खडबडीत सालीचं झाड होतं. देठाच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं लहान पानं, टोकाला एकटं पान नाही. मी खालूनच बघितलं आणि लिहून टाकलं, महोगनी. पुण्यात शिकत असताना रोज अशा पानांखालून गेले होते. यादीवर सही केली, पत्र्याची पाटी रंगवून तारेनं बुंध्याला बांधली. समितीनं यादीचं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं.

यंदा त्या जागी सायकल स्टँड बांधायचं ठरलं. यादीत 'महोगनी, परदेशी, लावलेलं' असं असल्यामुळे झाड तोडायची परवानगी झटकन मिळाली. बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढला गेला. आणि त्याच आठवड्यात, फेब्रुवारीच्या एका दुपारी, माझ्या पायाशी त्या झाडाचं एक जुनं फळ पडलं. लिंबाएवढं, काळपट, लाकडासारखं कठीण, वरच्या टोकाकडून पाच फाकांत उकललेलं. आत बी एकही नव्हतं. महोगनीचं फळ मोठ्या पेरूपेक्षाही मोठं असतं हे मला पक्कं आठवत होतं.

मी प्राचार्यांकडे गेले. आमचे सर शिस्तीचे, पण आडमुठे नाहीत.

"सर, ते झाड बहुतेक महोगनी नाही."

"मग काय आहे?"

"माहीत नाही."

"मॅडम, सही तुमचीच आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मंगळवारी सकाळी आठला करवतवाले येणार आहेत. त्याआधी काय आहे ते लेखी द्या. मी थांबवतो. नुसतं 'बहुतेक' म्हणून मला थांबवता येणार नाही."

पुण्याला माझ्या दामले बाई होत्या. त्यांनी मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं. मागं एकदा मी त्यांना पत्रात एक पान घालून 'हे कशाचं?' असं विचारलं होतं, तेव्हा एका ओळीचं कार्ड आलं होतं: 'पाकिटातून झाड कळत नाही. यावे.' त्यामुळे या वेळी पत्राच्या भानगडीत पडलेच नाही. एक फांदी वर्तमानपत्रात दाबली, फळ रुमालात बांधलं, धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि गाडीत बसले.

शुक्रवार

कॉलेजचं नाव लिहीत नाही. टेकडीच्या पायथ्याशी पसरलेलं जुनं आवार म्हटलं की पुणेकर ओळखतील. फाटकावर रखवालदारानं अडवलं.

"कुठं?"

"झाडं बघायची आहेत. परवानगी लागते का?"

"बघायला नाही लागत," तो वहीतून मान वर न काढता म्हणाला. "तोडायला लागते."

त्याला काय कल्पना. मी गुपचूप आत गेले.

आत गेल्यावर मात्र माझं वय वीस वर्षांनी कमी झालं. ग्रंथालयाजवळच्या सीतेच्या अशोकाला बुंध्यापासूनच शेंदरी गुच्छ लगडले होते. काटेसावर पानं टाकून नुसती लाल फुलांनी भरली होती आणि तिच्यावर साळुंक्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. गोरखचिंच अजून तिथंच, आमच्याकडच्या ज्वारीच्या कणगीसारखं पोट घेऊन उभी. कैलासपतीची फुलं खोडालाच येतात, ती बघायला मुलांचा एक घोळका थांबला होता. शिवणीची पिवळट फुलं वाटेवर पडलेली, आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून एक आजोबा चक्क बाजूच्या दगडांवरून चालत होते. एवढ्याशा आवारात कोकणातलं झाड, सातपुड्यातलं झाड, आफ्रिकेतलं झाड, सगळी शेजारी नांदत होती. कुणीतरी कधीतरी बी आणलं, कुणीतरी पाणी घातलं, म्हणून माझ्यासारखीला एका सकाळी इतकं बघायला मिळालं. मला त्या न पाहिलेल्या माणसांबद्दल फार बरं वाटलं.

हिरवळीवर पाइप सोडलेला होता. पाणी वाटेवर वाहत होतं. आमच्या कॉलेजात मुलं डबे धुतलेलं पाणीसुद्धा एकेका झाडाला नेमून घालतात. मी तो पाइप उचलून शिवणीच्या आळ्यात ठेवला. तिथल्या माळ्यानं ते बघितलं आणि थोड्या वेळानं तो परत हिरवळीवर ठेवला.

मग आला महोगनीचा रस्ता. फळं उकलायचे दिवस होते. वरून भिरभिरत बिया खाली येत होत्या, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पंख. मी खाली पडलेलं एक फळ उचललं. मुठीत मावेना. आणि ते देठाकडून, म्हणजे खालून उकललेलं होतं. रुमालातलं माझं फळ काढून शेजारी धरलं. ते लहान, आणि वरच्या टोकाकडून उकललेलं. एवढं समोर दिसत असून मी सही कशी केली, असं वाटून मला तिथंच ओशाळल्यासारखं झालं.

विभागात गेले तर दामले बाई नव्हत्या. हर्बेरियमच्या दारात, म्हणजे वाळवून कागदावर टाचलेल्या वनस्पती जिथं कपाटांत ठेवतात त्या खोलीच्या दारात, पोकळे भेटले. माझ्या वेळी ते तिथले तरुण हमाल होते, आता केस पांढरे झाले होते.

"बाई रिटायर हुऊन लई दिवस झालं, ताई," ते म्हणाले. "गुडघं दुखत्यात, रोज येत न्हाईत. आमच्या धायरीलाच राह्यल्यात. उद्या माझ्यासंगं चला, घर दावतो."

शनिवार

धायरीला जाताना वाटेत कालवा लागतो, खडकवासल्याहून येणारा, काठोकाठ भरलेला. आम्ही आठ-आठ दिवस पाणी साठवणारी माणसं. वाहतं पाणी दिसलं की माझी मान आपोआप वळते. पोकळे मात्र दुसऱ्या खिडकीतून त्यांची जुनी जमीन दाखवत होते.

"हितं आमची ज्वारी हुती," ते एका नव्या इमारतीकडे बोट करून म्हणाले. "आता ए विंग हाय, बी विंग हाय." त्यात तक्रार होती की अभिमान, मला कळलं नाही.

दामले बाई दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दार उघडल्यावर त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "जाड झालीस. ये."

जेवायला वरण-भात, तूप आणि अळूची भाजी होती. तीत मुळा, दाणे आणि सढळ हातानं गूळ. आमच्याकडं भाजीत गूळ घातला तर घरातली माणसं तब्येत विचारतात. मी जेवले, आवडलंही. बाईंनी माझी धपाटी दह्याबरोबर खाल्ली, एक संपवून दुसरं घेतलं, आणि चटणीनं नाक लाल झालं तरी पाणी मागितलं नाही.

मग मी वर्तमानपत्र सोडलं. प्रवासात डबा कलंडला होता हे तेव्हा कळलं. कागद तेलकट झाला होता आणि फांदीची चार-पाच पानं चकाकत होती. बाईंनी फांदी नाकाशी नेली.

"हिला शेंगदाण्याच्या चटणीचा वास येतो," त्या म्हणाल्या. "अशी जात माझ्या पाहण्यात नाही."

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. भिंगातून बराच वेळ पानं बघत राहिल्या. फळ उलटसुलट केलं.

"बी कुठं आहे?"

"मिळालं नाही, बाई."

"हं. आणि यादीत महोगनी कुणी लिहिलं?"

हा प्रश्न येणार हे मला गाडीत बसल्यापासून माहीत होतं. मी त्याला काय उत्तर द्यायचं हेही ठरवलं होतं. मी त्यांची आवडती विद्यार्थिनी होते. माझ्या वहीतली चित्रं त्या पुढच्या वर्गांना दाखवत असत.

"टायपिस्टनं," मी म्हणाले. "टाइप करताना गडबड झाली."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि माझ्या पेल्यात ताक ओतलं.

"बाई, हे काय आहे मग?"

"कपाट बघितल्याशिवाय मी नाव घेत नाही. उद्या पोकळ्यांना किल्ली आणायला सांगते."

ते ताक मला काही केल्या गोड लागेना. बाई रविवारची सुट्टी घालवून, दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्यासाठी शहरात येणार होत्या, आणि मी त्यांच्याच ताटावर बसून खोटं बोलले होते.

रविवार

पोकळ्यांनी कपाटं उघडली. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि मला पहिल्या वर्षीचा पहिला तास आठवला. त्या तासाला बाईंनी एकच नियम सांगितला होता. हर्बेरियमच्या कागदावर एखाद्यानं चुकीचं नाव लिहिलेलं आढळलं, तर ती चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी चिकटवायचीही नाही. नवी चिठ्ठी खाली लावायची. तीवर बरोबर नाव, तारीख आणि स्वतःची सही. आम्ही तेव्हा कुजबुजलो होतो की या माणसांना चुकासुद्धा जपून ठेवायची हौस.

बाईंनी आधी महोगनीचा गठ्ठा काढायला लावला. "पानांची टोकं बघ."

टोकदार होती. माझ्या फांदीवरची बोथट, गोलसर.

"हा फरक जुलैत दिसत नाही का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी खालच्या कप्प्यातला दुसरा गठ्ठा मागवला. पोकळ्यांनी तो टेबलावर ठेवला. पहिलाच कागद उघडला आणि मी वाकून बघितलं. तीच बोथट पानं, तसंच लिंबाएवढं, वरून उकललेलं फळ. कोपऱ्यात जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी. वळणदार अक्षरात नाव लिहिलेलं: महोगनी. ठिकाण: बालाघाटची डोंगररांग. म्हणजे आमचाच मुलूख. खाली गोळा करणारीची सही. ती सही मी शंभर वेळा माझ्या वहीवर घेतली होती. ती दामले बाईंची होती.

आणि तिच्या खाली दुसरी चिठ्ठी, त्याच अक्षरात झाडाचं दुसरं नाव: रोहन. तारीख सहा वर्षांनंतरची. सही तीच.

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं.

"ही मुलगी सव्वीस वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "महोगनीच्या सावलीत शिकलेली. बालाघाटात सहल घेऊन गेली, तर तिथंही हिला महोगनीच दिसली. सहा वर्षं हा कागद विद्यार्थ्यांना महोगनी म्हणून दाखवला. मग एक दिवस बी नीट बघितलं. महोगनीच्या बीला एका टोकाला पंख. याच्या बीला दोन्ही टोकांना."

कागदावर एक लहान पाकीट टाचलेलं होतं. त्यांनी त्यातून चिमटीनं एक बी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मध्ये दाणा, आणि दोन्ही बाजूंना पातळ, तपकिरी पंख.

"तेव्हा वाटलं होतं, वरची चिठ्ठी हळूच काढून टाकावी," त्या म्हणाल्या. "खोलीत कुणी नव्हतं."

मला एकदम रडू आलं. पोकळे खिडकी उघडायला म्हणून पलीकडे गेले.

"बाई, टायपिस्टची चूक नव्हती," मी म्हणाले. "मीच लिहिलं होतं. खालूनच बघून लिहिलं. सही पण माझीच आहे."

"ते काल ताक ओततानाच कळलं मला," बाई म्हणाल्या. "टायपिस्टची गडबड झाली तर तो आंबा लिहील, फार तर अशोक. महोगनी सुचायला एम.एस्सी. व्हावं लागतं."

मी डोळे पुसता पुसता हसले. खिडकीपाशी पोकळेही हसत होते.

त्यानंतर बाईंनी आम्हाला टेकडीच्या उतारावर नेलं. दर वीस पावलांना थांबत, पोकळ्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या चढल्या. मी नको नको म्हणत होते. उतारावर मुरमात एक झाड उभं होतं, खडबडीत सालीचं, उंच. त्या सहलीत आणलेल्या बियांतून उगवलेलं. पहिली काही वर्षं पोकळ्यांनी उन्हाळ्यात कळशीनं पाणी वर नेऊन त्याला जगवलं होतं.

"तुमच्याकडचं पाहुणं आहे," बाई म्हणाल्या. "आम्ही नीट सांभाळलंय. तुम्ही तुमच्या घरचं तोडायला निघालात."

मी त्या बुंध्याला हात लावला. आमच्या डोंगरातल्या झाडाचं नाव शोधत मी पुण्यापर्यंत आले होते, आणि ते इथं कुणाच्या तरी कळशीवर वाढलं होतं. पोकळ्यांना नमस्कार करायला वाकले तर ते दोन पावलं मागं सरले. "अवो ताई, असं काय करताय, पानीच तर घातलं."

"बाई, आता मला रोहन असं लेखी द्या," मी म्हणाले.

"मी नाही देणार. मी फांदी बघितली, झाड नाही. झाड तुझं आहे. बी शोध, बघ, आणि तू लिही." त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून मला दिलं. आत हर्बेरियमच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. "पुरवून वापर. अजून चुका होतील."

मंगळवार, गावी

सोमवार सगळा परतीच्या प्रवासात गेला. सकाळी साडेसहाला मी झाडाखाली होते. जुनी फळं गोळा केली, एकेक झटकून बघितलं. सगळी रिकामी. साडेसात झाले. करवतवाले आले, दोर सोडून बसले. मी ऑफिसच्या भिंतीजवळचा पाचोळा हातानं चाळत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. शेवटी पन्हळीच्या तोंडाशी पाचोळ्यात अडकलेलं एक फळ सापडलं. अर्धवटच उकललेलं. आत एक बी चिकटून राहिलं होतं. नखानं सोडवलं. मध्ये दाणा, दोन्ही टोकांना पंख. मी तिथंच पाचोळ्यात बसले आणि बाईंचं नाव घेतलं.

आठ वाजता प्राचार्यांच्या टेबलावर यादी उघडली. 'महोगनी' या ओळीच्या खाली चिठ्ठी लावली: रोहन. तारीख. सही. बी कागदाच्या पुडीत शेजारी टाचलं.

सरांनी चिठ्ठी वाचली. "वरचं खोडलं नाहीत?"

"नाही, सर. खोडायचं नसतं."

"पण ही यादी समितीनं बघितली आहे. उद्या कुणी विचारलं तर? आपल्या बॉटनीच्या मॅडमना झाड ओळखता येत नाही असं सांगायचं?"

"हो, सर. तसंच सांगा. ओळखता आलं नव्हतं, दोन वर्षांनी आलं." मग मी धीर करून पुढं म्हणाले, "हे आपल्या बालाघाटातलं झाड आहे. साल तापावर देतात, लाकडाला वाळवी लागत नाही. आणि आपली परवानगी महोगनीची आहे. हे महोगनी नाही."

सरांनी पुडी उघडून बी उजेडात धरलं. दोन्ही पंख बघितले. माझी सही पुन्हा एकदा वाचली. मग बाहेर जाऊन करवतवाल्यांना चहा सांगितला आणि परत पाठवलं. सायकल स्टँड आता पलीकडच्या भिंतीला होतो आहे.

मी बाईंना कार्ड टाकलं. आठवड्यानं उत्तर आलं, नेहमीप्रमाणे एका ओळीचं: 'बी मिळाले, आनंद. धपाटी पुन्हा आणावीत, झाडापासून लांब ठेवून.' ते कार्ड मी पाकिटातल्या चिठ्ठ्यांबरोबर जपून ठेवलं आहे. बुंध्यावरची महोगनीची जुनी पाटी मी काढली नाही. तिच्या खाली दुसरी पाटी रंगवून तारेनं बांधली. नव्या वर्गातली मुलं येता-जाता थांबतात आणि विचारतात, "मॅडम, एका झाडाला दोन पाट्या कशा?"

मी त्यांना सांगते, वरची माझी आहे, खालची झाडाची.